आजोबांच्या मेंदूतले सात ठिपके: दीड टेस्ला, तीन टेस्ला आणि लोह

(या भागाचं हे शब्दांकन आहे. बोलताना जसं बोलले तसंच जवळपास ठेवलंय, फक्त माझे 'म्हणजे', 'ॲक्च्युली' थोडे कमी केलेत.)

मागे जो आवाज येतोय ना, तो एडिट करून काढलेला नाही. मी सध्या गावी आहे, आगरदांड्याला, आणि दिघीहून येणारी फेरीबोट आत्ताच धक्क्याला लागलीय. ज्यांना आगरदांडा माहीत नाही त्यांच्यासाठी: मुरूडच्या पुढे, राजपुरीच्या खाडीवर. जंजिरा बघायला तुम्ही राजपुरीला आला असाल तर आमच्या अगदी दारावरून गेलात.

आजचा भाग थोडा घरगुती आहे. या वर्षी आमच्या घरात एका एमआरआय रिपोर्टवरून चार दिवस जो गोंधळ झाला, त्याची ही गोष्ट. त्यातून मला जे समजलं ते तुम्हाला सांगायचंय, कारण तुमच्या फॅमिली ग्रुपवरही कधी ना कधी असा रिपोर्ट येणार आहे, आणि घरात 'तुला कॉम्प्युटर कळतो ना, मग बघ हे' असं तुम्हालाच सांगितलं जाणार आहे. मी डॉक्टर नाही. मी बीटेक केलेली, पुण्यात नोकरी करणारी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. तेवढं ध्यानात ठेवून ऐका.

तर माझे आजोबा. वय 78. आधी खलाशी, मग बोटीच्या इंजिनाचे मिस्त्री. पाच वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवला, तेव्हापासून रक्त पातळ करणारी गोळी रोज चालू. दोन वर्षांपूर्वी एकदा चक्कर आली म्हणून डोक्याचा एमआरआय काढला. त्या रिपोर्टमध्ये इतर चार गोष्टींबरोबर एक ओळ होती: मेंदूत दोन सूक्ष्म रक्तस्रावाच्या खुणा, म्हणजे मायक्रोब्लीड. डॉक्टरांनी सांगितलं की बीपी सांभाळा, घाबरू नका. आम्ही सांभाळलं आणि विसरलो.

या वर्षी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. चहाचा कप धरला की बशी वाजायची. मेंदूविकारतज्ज्ञांनी पुन्हा एमआरआय सांगितला आणि या वेळी चिठ्ठीवर मुद्दाम लिहिलं: 3 टेस्लावर करा. म्हणून आम्ही त्यांना मुंबईला नेलं. तिथल्या टेक्निशियनने आधी विचारलं, "आजोबा, डोळ्यात कधी लोखंडाचा कीस गेला होता का?" आजोबा म्हणाले, "ग्राइंडर चालवलाय आयुष्यभर. धा वेळा गेला असंल." झालं! आधी डोळ्यांचा एक्स-रे, त्यात काही नाही हे बघितलं, मग आत घेतलं. हा प्रश्न कोणी विचारला तर वैतागू नका. डोळ्यात राहिलेला लोखंडाचा कण त्या चुंबकाने हलू शकतो.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट फोनवर आला. त्यात लिहिलं होतं: सात मायक्रोब्लीड.

दोनाचे सात.

फॅमिली ग्रुपवर काय झालं असेल तुम्ही समजू शकता. पनवेलच्या काकांनी लिहिलं की रक्त पातळ करणाऱ्या गोळीनेच हे झालंय, आजपासून बंद करा. आत्याने लिहिलं, मेंदूत लोह साठतंय असं कुठेतरी वाचलंय, त्यांचा गूळ आणि पालेभाजी बंद करा. बाबा घाबरले आणि त्यांनी खरंच गोळी बंद केली. मला हे चौथ्या दिवशी कळलं. स्टेंट असलेल्या माणसाची ही गोळी मनाने बंद केली तर स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होऊन हार्ट अटॅक येऊ शकतो. त्या चार दिवसांत काही झालं नाही, हे आमचं नशीब.

आता मुद्द्याकडे येते. दोनाचे सात खरंच झाले का? हे समजायला आधी ते ठिपके म्हणजे काय ते बघू.

मेंदूतल्या एखाद्या बारीक रक्तवाहिनीतून थोडंसं रक्त झिरपलं तर शरीर ते साफ करतं. पण रक्तातलं लोह तिथेच मागे राहतं, गंजाच्या डागासारखं. त्याला हीमोसिडरिन म्हणतात. रिपोर्टमध्ये मोजलेला ठिपका म्हणजे तो लोहाचा डाग. तो गेल्या आठवड्यातला असू शकतो, नाहीतर वीस वर्षांपूर्वीचा. डाग बघून तारीख कळत नाही.

शिवाय मेंदूत लोह मुळातच असतं. फेरिटिन नावाचं एक प्रोटीन असतं, गोल डबीसारखं. एका डबीत लोहाचे 4500 पर्यंत अणू मावतात. 1958 साली स्वीडनमध्ये हॅलग्रेन आणि सूरँडर या दोघांनी मृत व्यक्तींच्या मेंदूत कुठे किती लोह आहे ते मोजलं. जन्मताना जवळपास नसतंच. मग वाढत जातं. मेंदूच्या खोल भागात ग्लोबस पॅलिडस नावाचा एक भाग आहे, तिथे सगळ्यात जास्त सापडलं: मोठ्या माणसात 100 ग्रॅमला साधारण 21 मिलिग्रॅम. तिथलं प्रमाण साधारण तिशीपर्यंत भरभर वाढतं आणि मग स्थिरावतं. म्हणजे माझ्याही मेंदूत आत्ता चांगलंच लोह आहे आणि तुमच्याही. 'मेंदूत लोह दिसलं' म्हणजे लगेच आजार नाही, हे एक झालं.

आता एमआरआय. टेस्ला म्हणजे इथे गाडी नव्हे, चुंबकाचा जोर मोजायचं एकक. आपल्याकडच्या दवाखान्यांत बहुतेक मशीन 1.5 किंवा 3 टेस्लाची असतात. तुलना करायची तर आपल्या किनाऱ्यावर पृथ्वीचं स्वतःचं चुंबकत्व 40 ते 45 मायक्रोटेस्लाच्या आसपास आहे. म्हणजे 1.5 टेस्लाचं मशीन त्याच्या साधारण 35 हजार पट आणि 3 टेस्लाचं साधारण 70 हजार पट.

या मशीनला लोह थेट दिसत नाही, त्याला दिसतं पाणी. पाण्यातल्या हायड्रोजनचे प्रोटॉन त्या चुंबकात भोवऱ्यासारखे भोवंडतात, आणि त्यांची गती चुंबकाच्या जोरावर ठरते. 1.5 टेस्लाला सेकंदाला साधारण 6 कोटी 40 लाख फेऱ्या. 3 टेस्लाला बरोबर दुप्पट, 12 कोटी 80 लाख. मशीन रेडिओ लहरीचा एक धक्का देतं, सगळे प्रोटॉन एका तालात येतात आणि त्यांचा जो एकत्र आवाज येतो त्यातून चित्र बनतं.

शाळेतलं लेझीम आठवा. शंभर पोरं एका तालात असली की 'छन्न' असा एकच आवाज येतो. आता रांगेत काही पोरं किंचित पुढे, काही किंचित मागे गेली, तर पोरं तेवढीच असतात, हातात लेझीमही असतं, पण आवाज विस्कटतो आणि बारीक होतो. लोह नेमकं हेच करतं. मोठ्या चुंबकात ठेवलं की लोह स्वतः थोडंसं चुंबक बनतं आणि आजूबाजूच्या पाण्याचा ताल बिघडवतं. कुठे गती जरा जास्त, कुठे कमी. त्या जागेचा आवाज पडतो आणि चित्रात तिथे काळं दिसतं. तो काळा ठिपका लोहाचा फोटो नाहीये, लोहाने शेजारच्या पाण्याचा जो ताल बिघडवला त्याची ती खूण आहे. म्हणूनच ठिपका खऱ्या डागापेक्षा मोठा दिसतो. रेडिऑलॉजीत त्याला ब्लूमिंग म्हणतात, डाग फुलतो.

आणि आता चुंबकाचा जोर कुठे येतो ते बघा. हा हिशोब मी कागदावर केला तेव्हा मला सगळं उलगडलं, म्हणून तुम्हालाही करून दाखवते.

समजा लोहामुळे दोन शेजारच्या ठिकाणांच्या चुंबकत्वात एक कोटीत एक इतका फरक पडला. किती किरकोळ! पण 1.5 टेस्लाला सेकंदाला 6.4 कोटी फेऱ्या आहेत. कोटीला एक, म्हणजे एका सेकंदात 6.4 फेऱ्यांचा फरक. आता मशीन धक्का दिल्यावर थोडं थांबून ऐकतं. त्या थांबण्याला इको टाइम म्हणतात. तो 40 मिलिसेकंद धरू, म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग. 6.4 भागिले 25, म्हणजे साधारण पाव फेरी. दोन लेझीमवाल्यांत पाव फेरीचं अंतर पडलं. दोघांचा मिळून आवाज साधारण 70 टक्के उरतो. चित्रात तिथे करडं दिसेल, दिसेल न दिसेल असं.

तोच मेंदू, तेवढंच लोह, आता 3 टेस्लाला. सेकंदाला 12.8 फेऱ्यांचा फरक. भागिले 25, म्हणजे अर्धी फेरी. अर्धी फेरी म्हणजे एकाचा हात वर तेव्हा दुसऱ्याचा खाली. दोघांचे आवाज एकमेकांना खोडून टाकतात. उरतं जवळपास शून्य. चित्रात ठळक काळा ठिपका.

लोह एक कणभरही वाढलेलं नाही. चुंबक दुप्पट झालं आणि करड्याचं काळं झालं.

मजा अशी, की 3 टेस्लाला इको टाइम निम्मा केला, म्हणजे 20 मिलिसेकंद, तर पुन्हा पाव फेरीच येते. म्हणून फक्त टेस्ला बघून चालत नाही, टेस्ला आणि इको टाइम या दोघांचा गुणाकार बघावा लागतो. आणि स्लाइस किती जाडीचा घेतला तेही. जाड स्लाइसमध्ये छोटा ठिपका आजूबाजूच्या चांगल्या भागात मिसळून जातो.

हे सगळं ज्या चित्रात सगळ्यात जास्त दिसतं त्याला एसडब्ल्यूआय म्हणतात. आधी जी पद्धत जास्त वापरात होती ती साधी ग्रेडियंट एको. एसडब्ल्यूआयमध्ये तालाच्या फरकाची माहितीही चित्रात मिसळतात, त्यामुळे तेच ठिपके आणखी उठून दिसतात. आजोबांच्या जुन्या तपासणीत साधी पद्धत होती, नव्यात एसडब्ल्यूआय.

मला हे कसं कळलं? सीडीवरून. जुनी सीडी आमच्याकडे बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात होती, लाइटबिलांच्या खाली. नवीन तपासणीची लिंक होती, ती डाउनलोड केली. या फाइलींना डायकॉम म्हणतात. फुकट मिळणाऱ्या कुठल्याही डायकॉम व्ह्यूअरमध्ये त्या उघडतात, आणि प्रत्येक फाइलच्या डोक्यावर मशीनने स्वतः लिहिलेली माहिती असते. इंजिनिअर मंडळींनो, तुमच्यासाठी टॅगचे नंबर: 0018,0087 म्हणजे चुंबकाचा जोर. 0018,0081 म्हणजे इको टाइम. 0018,0050 म्हणजे स्लाइसची जाडी. 

जुनी तपासणी: 1.5 टेस्ला, 25 मिलिसेकंद, 5 मिलिमीटर. नवी तपासणी: 3 टेस्ला, 20 मिलिसेकंद, 2 मिलिमीटर. गुणाकार केला तर जुना 37.5, नवा 60. ताल बिघडवायला दीडपटीहून जास्त वाव, आणि स्लाइस निम्म्याहून पातळ.

ऑफिसमध्ये आमच्याकडे असं एकदा झालं होतं. सर्व्हरवर लक्ष ठेवणारं टूल अपडेट केलं आणि दुसऱ्या दिवशी डॅशबोर्डवर एरर तिप्पट. सगळे धावले. सर्व्हर होता तसाच होता, नवीन टूल आधी न मोजलेल्या गोष्टी मोजत होतं. तिथे मी पहिल्या पाच मिनिटांत विचारलं होतं की मोजायची पद्धत बदलली का? स्वतःच्या आजोबांच्या बाबतीत तो प्रश्न सुचायला मला चार दिवस लागले.

आणि हा प्रश्न आपल्याच जिल्ह्यात 120 वर्षांपूर्वी लोकांनी विचारलाय. ही गोष्ट मला फार आवडते.

मुंबईत कुलाब्याला वेधशाळा होती. तिथे 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालायची. 1900 च्या सुमारास मुंबईत घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. विजेच्या प्रवाहाने मोजणी बिघडणार. वेधशाळेचे संचालक होते नानाभाय मूस, या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक. त्यांनी नवी जागा शोधली: अलिबाग. आमच्या गावाहून मुरूड-रेवदंडा रस्त्याने दीड-दोन तासांवर. तिथली इमारत लोखंड न वापरता बांधली, आणि दगड आणला पोरबंदरचा. का? तर आपल्याकडच्या काळ्या कातळात लोहाची चुंबकीय खनिजं असतात, तोच दगड भिंतीत घातला तर भिंतच मोजणीत लुडबुड करणार.

पण मला सांगायचंय ते पुढचं. अलिबागची मोजणी 1904 मध्ये सुरू झाली, आणि कुलाब्याची त्यांनी लगेच बंद केली नाही. 1906 पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजत राहिले. जागा बदलली, उपकरण बदललं, तर आकड्यात जो फरक पडेल तो पृथ्वीमुळे की जागेमुळे, हे कळायला हवं म्हणून. त्या दोन वर्षांमुळे कुलाबा आणि अलिबागचे आकडे एकमेकांना जोडता येतात आणि ती मोजणी जगातल्या सगळ्यात लांब चाललेल्या मोजण्यांपैकी एक झाली. विजेची ट्राम मुंबईत धावली 1907 मध्ये. अलिबागची वेधशाळा आजही चालू आहे.

दोन मशीनचे आकडे जोडण्यासाठी त्यांनी दोन वर्षं काम केलं. आम्ही दोन मशीनचे आकडे व्हॉट्सॲपवर दोन मिनिटांत जोडले आणि गोळी बंद केली.

आता तुम्ही विचाराल, मग डॉक्टरांनी 3 टेस्ला सांगितलंच कशाला? कारण तो हात. थरथर कशामुळे आहे, पार्किन्सन आहे का, हे त्यांना बघायचं होतं, आणि इथे लोहच उपयोगी पडतं.

मेंदूच्या खोडात सबस्टॅन्शिया नायग्रा नावाचा भाग आहे. तिथे लोह असतं म्हणून तो काळा दिसतो. त्या काळ्याच्या आत एक छोटीशी जागा असते जिथे लोह कमी असतं, ती पांढुरकी राहते. 3 टेस्लावर नीट चित्र आलं तर काळ्या दोन रेघा आणि मधे पांढरी फट, पाकोळीच्या दुभंगलेल्या शेपटीसारखी दिसते. पार्किन्सनमध्ये बऱ्याचदा ही फट नाहीशी होते. 2014 मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या गटाने 3 टेस्लावर ही शेपटी बघता येते असं दाखवलं, तेव्हापासून डॉक्टर ती शोधतात. ही फट काही मिलिमीटरची असते. 1.5 टेस्लावर ती पकडणं अवघड जातं. म्हणजे जोरदार चुंबकाचा इथे खरा फायदा आहे.

मग 7 टेस्ला आणखी भारी? तशी मशीनं आहेत. अमेरिकेत 2017 मध्ये रुग्णांसाठी त्यांना परवानगी मिळाली. बारीक तपशील अप्रतिम दिसतात. पण जोर वाढला की त्रासही वाढतो. नाकामागे आणि कानाजवळ हवेच्या पोकळ्या असतात. हवा आणि मेंदू यांच्या सीमेवरही ताल बिघडतो, तिथे लोह नसताना काळं येतं. रेडिओ लहरींनी शरीराला पोचणारी उष्णता साधारण जोराच्या वर्गाने वाढते, म्हणजे जोर दुप्पट तर ती चौपट, म्हणून तिच्यावर मर्यादा घालावी लागते. शरीरात बसवलेलं एखादं उपकरण 1.5 ला चालतं आणि 3 ला चालत नाही असंही असतं. म्हणून त्याचं कार्ड जपून ठेवा. आणि जो काळा रंग आपल्याला हवा तोच इतका पसरतो की शेजारचं झाकून टाकतो.

आणखी दोन फसव्या गोष्टी. एसडब्ल्यूआयमध्ये शिराही काळ्या दिसतात, कारण ऑक्सिजन सोडून दिलेलं रक्त तसंच वागतं. आडवी कापलेली शीर हुबेहूब ठिपका वाटते. वरच्या-खालच्या स्लाइसमध्ये ती पुढे जाताना दिसली तर शीर, नाहीतर ठिपका. दुसरं, कॅल्शियमही काळं दिसतं. ते लोहाच्या उलट दिशेने ताल बिघडवतं, म्हणून फेज नावाच्या चित्रात दोघं वेगळे ओळखता येतात. हे सगळं बघायला रेडिऑलॉजिस्ट लागतो. स्क्रीनशॉटवरून होत नाही.

संशोधक यावर उपाय शोधतायत. चित्र किती काळं आहे हे मोजण्याऐवजी तिथल्या ऊतीचा चुंबकीय गुण किती हे गणिताने काढायचं. त्याला क्यूएसएम म्हणतात. हा गुण ऊतीचा स्वतःचा असल्यामुळे 1.5 असो की 3, आकडा तत्त्वतः सारखाच यायला हवा. म्हणजे मशीनचा हिस्सा वजा करायचा. पण अजून ते मुख्यतः संशोधनात आहे, तुमच्या-माझ्या रिपोर्टवर तो आकडा बहुतेक येणार नाही.

आता आत्याच्या गुळाबद्दल. पार्किन्सनमध्ये सबस्टॅन्शिया नायग्रात लोह वाढतं, हे खरं. मग लोह काढून टाकलं तर आजार थांबेल, असं कोणालाही वाटेल. शास्त्रज्ञांनाही वाटलं. युरोपात 372 रुग्णांवर त्याची चाचणी झाली, लोह बाहेर काढणारं डेफेरिप्रोन नावाचं औषध देऊन, 36 आठवडे. 2022 मध्ये निकाल आला: मेंदूतलं लोह कमी झालं, पण औषध घेणाऱ्यांची लक्षणं न घेणाऱ्यांपेक्षा जास्त बिघडली. मेंदूला लोह कामासाठी लागतं. तेव्हा रिपोर्ट बघून म्हाताऱ्या माणसाच्या ताटातून पालक काढू नका.

तर पाचव्या दिवशी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. दोन्ही तपासण्या घेऊन. गोळी बंद केली हे ऐकून त्या बाबांवर एवढ्या चिडल्या की बाबा खाली बघून उभे राहिले. आधी गोळी चालू करायला लावली. मग दोन्ही तपासण्या शेजारी शेजारी लावून बघितल्या. सातातले दोन जुन्यातही होते, त्याच जागी. उरलेल्या पाचांबद्दल त्या म्हणाल्या, "जुन्या चित्रात ते दिसणारच नव्हते. ते नवीन आहेत की आधीपासून आहेत, हे या दोन तपासण्यांवरून सांगता येत नाही. 'वाढले' असं मी लिहिणार नाही."

मला खरं तर ऐकायचं होतं की एकही नवीन नाही. ते ऐकायला मिळालं नाही. पाचांपैकी एखाद-दुसरा नवा असूही शकतो. म्हणून बीपीची गोळी थोडी वाढवली, घरी रोज बीपी लिहून ठेवायचं, आणि पुन्हा तपासणी लागली तर त्याच मशीनवर, त्याच सेटिंगवर. तेव्हा कुठे सात आणि सात, किंवा सात आणि आठ, अशी तुलना होईल.

आणि हात? पाकोळीची शेपटी एका बाजूला नीट दिसली. दुसऱ्या बाजूचं चित्र आजोबा हलल्यामुळे अस्पष्ट आलं. जास्त टेस्ला असलं तरी थरथरणारा माणूस थरथरणारच. डॉक्टर म्हणाल्या, निदान मुख्यतः तपासूनच होतं: चालवून, बोटं आपटायला लावून, काही महिने बघून. ते चालू आहे.

घरी आल्यावर आजोबांना मी हे सगळं समजावत बसले, प्रोटॉन, लेझीम, टेस्ला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग जेट्टीकडे बोट दाखवून म्हणाले, "बाय, म्हंजे पहिला फोटू भरतीचा, आन् दुसरा ओहोटीचा. ओहोटीला खडक दिसतात. म्हणून काय ते काल उगवले?" मी म्हटलं, आजोबा, अगदी बरोबर. तर म्हणाले, "पण एखादा खरंच नवीन येऊन पडला असंल, तर बोट लागंल. म्हणून दर ओहोटीला बघायचं." मी चाळीस मिनिटं बोलले होते.

तर तुमच्यासाठी चार कामं.

एक. घरात कोणाचाही एमआरआय झाला तर नुसता रिपोर्ट नको, सीडी किंवा फाइलही मागून घ्या आणि जपून ठेवा. फोनमध्ये एक फोल्डर करा. फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो म्हणजे फाइल नाही.

दोन. जुना आणि नवा रिपोर्ट शेजारी ठेवून आकडे बघायच्या आधी, दोन्हीत 1.5 टी की 3 टी, आणि साधा ग्रेडियंट एको की एसडब्ल्यूआय, हे बघा. वेगळं असेल तर डॉक्टरांना थेट विचारा: ही तुलना धरता येते का?

तीन. तपासणीला जाताना विचारा की 3 टेस्ला लागतंच का. बऱ्याच कामांना 1.5 पुरतं. जिथे लागतं तिथे लागतं, आणि ते डॉक्टर सांगतील. पैसे जास्त म्हणून मशीन चांगलं, असं सरसकट नाही.

चार. रिपोर्ट वाचून गोळी बंद करू नका, चालूही करू नका. आधी फोन करा. आमच्या घरात जे चार दिवस गेले, ते तुमच्या घरात जाऊ नयेत म्हणून हा भाग केला.

कोणाला डायकॉम फाइल उघडताना अडचण आली तर खाली लिहा, मी बघेन. पण चित्र पाठवून 'हा ठिपका काय आहे' असं मला विचारू नका, ते मला येत नाही.

आजोबा आत हाक मारतायत, बीपी मोजायची वेळ झाली. आजचा आकडा मी वहीत लिहिणार. चला, काळजी घ्या. पुढच्या भागात भेटू.